पागोटं, सूट आणि छातीचं माप

(हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



  

बाईच्या दिसण्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोललं जातं. रंग, केस, बांधा, कपडे, काही म्हणजे काही सुटत नाही. पुरुषाच्या दिसण्यावर मात्र आपण गप्प असतो. ‘पुरुषाचं कर्तृत्व बघावं, रूप काय बघायचं’ असं म्हणून विषय मिटवतो. वागतो मात्र वेगळं. सोसायटीच्या सभेत उंच, भरदार, भारी आवाजाचा माणूस उभा राहिला की हॉल शांत होतो. तोच मुद्दा किरकोळ अंगाचा, पातळ आवाजाचा माणूस मांडतो तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबत नाही. बांधकामाच्या साइटवर इस्त्रीचा शर्ट घालून काल आलेल्या पोराला ‘साहेब’ म्हणतात आणि तिथेच केस पिकलेल्या गवंड्याला ‘ए’ म्हणून हाक मारतात. लग्नाच्या बायोडेटात मुलाच्या पगाराच्या आधी त्याची उंची येते.

माझं म्हणणं असं आहे : कोणतं शरीर मर्दानी, कोणता वेष मानाचा, कोणता चेहरा हुकूम देण्याजोगा, हे आपल्या डोळ्यांना उपजत कळत नाही. डोळ्यांना ते शिकवलं जातं. महाराष्ट्रात तर ते काही वेळा सरकारी हुकूम काढून शिकवलं गेलं. आणि या मातीतल्या ज्या माणसांना आपण मोठं मानतो, त्यांच्यातल्या अनेकांनी ही शिकवण मोडताना स्वतःचं शरीर आणि स्वतःचे कपडे पणाला लावले.

हुकमाची गोष्ट आधी सांगते. अठराव्या शतकात मुंबईतले सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले. निऱ्या घालून धोतर नेसू लागले आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणू लागले. या दोन्ही गोष्टी ब्राह्मणांपुरत्या राखीव मानल्या जात होत्या. पेशव्यांच्या राज्यात तर हा प्रयत्न दडपला गेलाच. पण मुंबई इंग्रज कंपनीच्या ताब्यात होती, म्हणून तिथल्या कंपनी सरकारकडूनही १७७९ साली सोनारांविरुद्ध मनाईहुकूम मिळवला गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे प्रकरण नोंदवून ठेवलं आहे. एका माणसाच्या धोतराला निऱ्या आल्या तर दुसऱ्याचं काय बिघडतं? बिघडतं ते असं, की समोरून येणारा वरचा की खालचा हे लांबून कळेनासं होतं. रस्त्यात बाजूला कोणी व्हायचं, वाकायचं कोणी, आधी बोलायचं कोणी, हा सगळा व्यवहार त्या लांबून कळण्यावर चाललेला होता. म्हणून सातासमुद्रापलीकडून आलेल्या कंपनीलाही आपल्या धोतरात लक्ष घालावं लागलं.

आता शंभर वर्षं पुढे या. २ मार्च १८८८. पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. शहरातली बडी मंडळी जरीचे पोशाख आणि दागिने घालून आली. जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेषात : पागोटं, खांद्यावर घोंगडी, जाडंभरडं धोतर. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवलं असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आत गेल्यावर त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. इथे बसलेल्यांच्या दागदागिन्यांवरून या देशाची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्या शिक्षणाची सोय करा आणि हे राणीच्या कानावर घाला, असा त्या भाषणाचा आशय होता.

हा प्रसंग आपण साधेपणाचं उदाहरण म्हणून शाळेत सांगतो, आणि मला वाटतं तिथेच त्याचं तेज घालवतो. जोतीरावांना चांगला पोशाख परवडत नव्हता असं नाही. ते बांधकामाचे ठेके घेत होते, १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या संध्याकाळी त्यांनी वेष विचार करून निवडला. ज्या वेषाला दारावर अडवलं जातं त्याच वेषातला माणूस आत येऊन राजपुत्राशी त्याच्या भाषेत बोलू शकतो, हे त्या बड्या मंडळींच्या डोळ्यांना दाखवायचं होतं. पुढे दोनच महिन्यांत, मे १८८८मध्ये, मुंबईत लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटलं.

बाबासाहेबांनी वेष निवडला तो नेमका उलटा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण १९१७ साली बडोद्याला संस्थानच्या नोकरीवर रुजू झाला. अंगावर उत्तम पोशाख, हाताशी परदेशातलं शिक्षण. तरी गावात राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचं सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई कागद हातात न देता फेकत. कपड्यांनी माणूस ओळखला जातो असं म्हणणाऱ्यांनी बडोद्याचा हा प्रसंग पुन्हा वाचावा. कपडा कितीही चांगला असो, जात कळली की बघणाऱ्याला तो दिसेनासा होतो.

आणि तरीही त्यांनी सूट सोडला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९२१ साली मदुराईत गांधीजींनी पंचा नेसायचं ठरवलं. त्या निर्णयाचा मी आदर करते. पण ज्यांच्या वाट्याला फाटका पंचा पिढ्यान्‌पिढ्या सक्तीने आला होता, त्यांनी तो आणखी एकदा स्वीकारून काय सांगायचं होतं? डिसेंबर १९२७मध्ये महाडला परिषदेसाठी आलेल्या बायकांशी बाबासाहेब स्वतंत्र बोलले. लुगडं वरच्या जातींच्या बायका नेसतात तसं नेसा, ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते गळ्यातले आणि हातातले दागिने काढून टाका, असं त्यांनी सांगितलं. ज्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, त्याच परिषदेत निऱ्या आणि दागिने यांवर बोलायला त्यांना वेळ होता. आज गावोगावच्या पुतळ्यांवरचा तो निळा सूट बघून ‘खेड्यात सूट कशाला’ असं कोणी विचारलं, तर त्याला १७७९ सालापासून सांगत यावं लागेल.

फुल्यांचं पागोटं आणि आंबेडकरांचा सूट मी एकाच रांगेत ठेवते. ‘तू कसा दिसायचं हे आम्ही ठरवू’ असं म्हणणाऱ्याला दोघांनी नकार दिला. एकाने खालचा मानलेला वेष मानाच्या जागी नेला, दुसऱ्याने मानाचा वेष खालच्या मानलेल्या माणसाच्या अंगावर चढवला. हे भांडण जुनं झालेलं नाही. २०१७ साली गुजरातमध्ये गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली आणि मग शेकडो तरुणांनी मोबाइलवर मिशीचं चित्र लावून निषेध केला. ओठावरचे चार केस कोणी वाढवायचे यावर आपल्या देशात अजून डोकी फुटतात.

कपडा बदलता येतो. हाडांचं काय करायचं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी हिंदुस्थानी माणसांची ‘लढाऊ’ आणि ‘बिनलढाऊ’ अशी वाटणी केली. उंचीपुरी, रुंद छातीची, वायव्येकडची माणसं खरे सैनिक, बाकीचे नव्हेत, असं ठरलं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ज्या महार सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांच्याच वारसांना १८९०च्या दशकात सैन्याचं दार बंद झालं. त्याविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहिला, १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, पुन्हा युद्धाच्या गरजेपोटीच. या पन्नास वर्षांत महारांची छाती अरुंद झाली आणि परत रुंद झाली, असं कोणी म्हणेल का?

या मोजमापाच्या शास्त्राला त्याच्याच घरात जाऊन उत्तर देणारी एक मराठी बाई होती. तिची ही बाजू आपल्याकडे फार कमी माहीत आहे. इरावती कर्वे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांच्या वंशविचाराचा पुढे नाझींनी वापर केला. फिशर यांची कल्पना अशी होती की, गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते आणि त्यातच त्यांच्या तर्कबुद्धीचं मूळ आहे. हे सिद्ध करण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं की कवटीच्या या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. विशीतली मुलगी, परका देश, परकी भाषा, पदवी गुरूच्या हातात, आणि निष्कर्ष गुरूच्या विरुद्ध. त्या पुढे महाराष्ट्रात आल्यावरही मोजमापाची साधनं घेऊन हिंडल्या, हे मी लपवणार नाही. त्या काळचं मानववंशशास्त्र तसंच होतं. पण हाडावरून लायकी ठरत नाही, हे त्या हाड मोजून सांगत होत्या, म्हणून त्यांच्या शब्दाला वेगळी किंमत आहे.

आता माप आपल्या दारात येतं. पहाटे बाहेर पडलात तर भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतील. महाराष्ट्र पोलीस भरतीत शिपाई व्हायला पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढ. महिलांसाठी उंची १५५. मग पुरुषांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं, गोळाफेक. धावण्याची परीक्षा मला समजते. चोर पुढे पळत असेल तर मागे पळता आलं पाहिजे. पण १६४ सेंटिमीटरच्या मुलाला मैदानात उतरण्याआधीच परत पाठवण्याचं कारण मला समजत नाही. सरासरी भारतीय पुरुषाची उंची याच आकड्याच्या आसपास आहे. म्हणजे आपल्यातल्या जवळपास निम्म्या पुरुषांना, त्यांनी काय केलं आणि ते काय करू शकतात हे न बघता, वर्दीच्या लायकीचे नाहीत असं एक लाकडी पट्टी सांगते.

खाशाबा जाधवांची आठवण मला इथे येते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात कुस्ती खेळला आणि ब्राँझ पदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं मिळायला १९९६ उजाडावं लागलं. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे हत्तीसारखा देह येतो, आणि आपलं पहिलं मोठं यश आणलं ते ५७ किलोच्या माणसाने. त्यांना परदेशी पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. त्या प्राचार्यांनी देहाचा आकार बघितला नव्हता, त्यातलं कसब बघितलं होतं. खाशाबा १९५५मध्ये पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले.

दुसरी बाजू तृतीयपंथी उमेदवारांची. भरतीच्या अर्जात पुरुष आणि स्त्री असे दोनच रकाने होते. डिसेंबर २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांच्यासाठी शारीरिक चाचणीचे नियम करायला लावले. ज्या शरीरासाठी रकानाच नाही, त्याच्या अंगावर वर्दी कशी दिसेल याची कल्पना करायलाही आपण तयार नव्हतो.

या व्याख्यानातला माझा सर्वांत कळकळीचा मुद्दा आता येतो. उंची ही निसर्गाची देणगी आहे, असं समजून आपण गप्प बसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हॉलंडमध्ये सैन्यभरतीला येणाऱ्या तरुणांची सरासरी उंची आपल्या आजच्या पुरुषांइतकीच, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या आसपास होती. आज तिथला तरुण सरासरी १८३च्या आसपास आहे. दीडशे वर्षांत त्यांचं रक्त बदललेलं नाही. दूध आलं, स्वच्छ पाणी आलं, गटारं झाकली गेली, मजुरी वाढली. आणि महाराष्ट्रात? २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालच्या शंभरपैकी पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. आईच्या पोटात असताना आईला काय खायला मिळालं, पहिल्या दोन वर्षांत बाळाला किती वेळा जुलाब झाले, नळाला पाणी कुठलं आलं, हे सगळं त्या उंचीत लिहिलेलं असतं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोटभर खायला होतं त्या घरातला मुलगा उंच होतो. मग आपण त्याची उंची बघून त्याला नेतृत्वगुण आहेत असं म्हणतो, खुर्ची देतो, मुलगी देतो. उपाशी घरातला मुलगा बुटका राहतो आणि तो ‘दिसायला साधा’ म्हणून मागे पडतो. एकाच अन्यायाची शिक्षा त्या मुलाला आपण दोनदा देतो.

इथल्या घरांबद्दलही बोलायला हवं. २००१ साली कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११च्या जनगणनेत ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. भाताची खाचरं गेली आणि टॉवर आले. सातबाऱ्यावर नाव होतं तोवर शेतकऱ्याची पत गावाला ठाऊक होती. नुसती बंडी घालून ओट्यावर आला तरी लोक सरकून जागा देत. जमीन विकली गेली, शेजारी अनोळखी आले, आणि आपण कोण हे नव्या माणसांना कळावं तरी कसं? मग गळ्यात जाड साखळी येते, बोटांत अंगठ्या येतात, मोठी गाडी येते, वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो. बाहेरचे लोक याला हसतात. मला हसू येत नाही. ज्याची ओळख जमिनीत होती आणि ती जमीन गेली, त्याच्याकडे मिरवायला फक्त शरीर उरतं. फ्लेक्सवरच्या फोटोत तरुण पोराचा रंग तीन छटा उजळ केलेला असतो. काळं पडलेलं अंग हे त्याच्या आज्याच्या कष्टाचं चिन्ह होतं, आणि तेच संगणकावर पुसून टाकावंसं वाटतं, याने मात्र मला मनापासून दुःख होतं. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली कडक आदेश दिले. फलक उतरवता येतील, पण ‘मी दिसलो नाही तर मी नाहीच’ ही त्या मुलाची भीती न्यायालयाला कशी उतरवता येणार?

सोनं आणि शौर्य यांची ही गल्लत आपल्या रंगभूमीने फार पूर्वी ओळखली होती. १९११ साली आलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकात गरीब पण शूर धैर्यधर एकीकडे आणि दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर दुसरीकडे आहे. श्रीमंताघरची भामिनी आधी धैर्यधराचा अपमान करते. ती भामिनी रंगवत होते बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, एक पुरुष. त्यांचं लुगडं नेसणं, त्यांची चाल बघून घरंदाज बायका आपलं नेसणं सुधारत होत्या. स्त्रीने कसं दिसावं हे महाराष्ट्र एका पुरुषाकडून शिकला आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. पुरुषपण काय, बाईपण काय, पुष्कळसं शिकून अंगी बाणवलेलं असतं, याचा याहून उघड पुरावा मला माहीत नाही.

बाईच्या अधिकाराविषयी थोडक्यात बोलते, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पण निवडून आलेल्या बाईच्या फ्लेक्सवर तिच्या शेजारी तिच्याइतकाच, कधी तिच्याहून मोठा, नवऱ्याचा फोटो असतो. आपल्या मनातल्या अधिकाराला अजून खांदे रुंद आणि आवाज जाड लागतो, म्हणून खुर्चीवर बाई बसली तरी लोक तिच्या मागे कोण उभा आहे ते शोधतात. हातातल्या फाइलीवर तिची सही असते आणि प्रश्न त्याला विचारले जातात. माझ्या समोर बसलेल्या बायकांना हे मी सांगायची गरज नाही.

या पाड्याला नदीने मात्र दुसरं काही शिकवलं आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९, दोन्ही वेळा उल्हासचं पाणी बदलापुरात शिरलं. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली तो दुसरा दिवस. अशा वेळी कोण उंच आणि कोण बुटका याला काही अर्थ राहत नाही. पाणी कुठून चढतं, कुठली गल्ली आधी बुडते, दोर कुठे बांधायचा, हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं ऐकलं जातं. अधिकार देताना त्या दिवसाची नजर आपल्याला सोसायटीच्या सभेत आणि शाळेच्या वर्गातही का वापरता येऊ नये?

म्हणून आयोजकांकडे आणि इथल्या लोकप्रतिनिधींकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली शाळांसाठी. प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग लावा, त्याला माझी हरकत नाही, मागच्याला पुढचं दिसायला हवं. पण वर्गप्रमुख निवडताना त्या रांगेच्या शेवटच्या टोकाकडे बघण्याची सवय सोडा. दर महिन्याला नवा वर्गप्रमुख नेमा. पातळ आवाजाच्या मुलालाही चाळीस मुलं शांत करण्याची संधी मिळू द्या.

दुसरी मागणी अंगणवाड्यांची. अंगणवाडी सेविका प्रत्येक बाळाची उंची आणि वजन नियमित मोजतात. ते आकडे सरकारकडे जातात आणि आपल्याला कधी दिसत नाहीत. मुलांची नावं गुप्त ठेवा, पण प्रभागातल्या किती मुलांची वाढ खुंटली आहे हा आकडा दर तीन महिन्यांनी नगर परिषदेने जाहीर करावा, आणि त्याच्या शेजारी त्या प्रभागात पाणी किती तास येतं, गटार झाकलेलं आहे की उघडं, हेही लिहावं. आज त्या नोंदीत ज्या मुलाची उंची कमी लिहिली गेली आहे, तोच अठरा-वीस वर्षांनी भरतीच्या मैदानावर लाकडी पट्टीखाली उभा राहणार आहे. त्याचं माप तिथे घेण्याआधी आपल्या नळाचं आणि गटाराचं माप इथे घेतलं जावं, एवढी माझी विनंती आहे.